नवजात अर्भकाचे अबोल दुखणे

म्हैसूरच्या नैर्ऋत्येस सुमारे पन्नास किलोमीटरांवर, कबिनी नदीच्या खोऱ्यात, सरगूर नावाचे एक लहान गाव आहे. पूर्वी हेग्गडदेवनकोटे तालुक्यात मोडणारे हे गाव आता स्वतंत्र तालुक्याचे ठाणे झाले आहे. एका अंगाला बंदीपूरचे अरण्य, दुसऱ्या अंगाला नागरहोळेचे, आणि जवळच कबिनीच्या धरणाचा विस्तीर्ण जलाशय. या अरण्यांच्या कडेने जेनु कुरुब आणि काडु कुरुब या आदिवासींच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. कन्नडमध्ये जेनु म्हणजे मध आणि काडु म्हणजे रान. या दोन शब्दांतच त्यांच्या पूर्वीच्या जीवनाचा सारा वृत्तांत येऊन जातो. म्हैसूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या काही तरुणांनी डॉ. आर. बालसुब्रमण्यम यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंट ही संस्था स्थापन केली आणि पुढे याच मुलखात आपले कार्यक्षेत्र निवडले. सरगूर येथील विवेकानंद मेमोरियल हॉस्पिटल हे त्या कार्याचे फळ होय.

रुग्णालय उभे राहिले म्हणजे अर्धे काम झाले, असे आपण मानतो, आणि बहुतेक रोगांच्या बाबतीत ते खरेही असते. पाय मोडलेला माणूस स्वतःच ओरडतो. तापाने फणफणलेल्या मुलाला बापच खांद्यावर टाकून आणतो. परंतु जन्मून चार दिवस झालेल्या अर्भकाच्या बाबतीत एक प्रश्न रुग्णालयाच्या फाटकाबाहेरच शिल्लक राहतो. रानाच्या कडेच्या एखाद्या घरात हे मूल आजारी पडले आहे, हे प्रथम ओळखायचे कोणी आणि कशावरून? ते ओळखले गेले नाही, तर रुग्णालय पाच किलोमीटरांवर असले काय आणि पन्नास किलोमीटरांवर असले काय, फरक फारसा पडत नाही.

हा प्रश्न अर्थात एकट्या सरगूरचा नाही. जेथे जेथे वस्ती विरळ, वाट लांब आणि शिक्षण तोकडे, तेथे तेथे तो आहे. मराठी मुलखाच्या पूर्व टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातील रानात, या प्रश्नाचा जितक्या चिकाटीने आणि मोजूनमापून शोध घेण्यात आला, तितका जगात फार थोड्या ठिकाणी घेतला गेला असेल. त्या शोधाची हकीकत पाहण्यापूर्वी मुळात हे दुखणे ओळखायला इतके अवघड का, हे समजून घेतले पाहिजे.

नवजात अर्भकाच्या रक्तात, फुप्फुसात किंवा मेंदूच्या आवरणात रोगजंतूंनी प्रवेश करून सर्व शरीराचा ताबा घेतला म्हणजे त्या अवस्थेला डॉक्टर सेप्सिस म्हणतात. मराठीत जंतुदोष हा शब्द त्यासाठी रूढ झाला आहे. जंतू प्रसूतीच्या वेळी आईच्या जननमार्गातून येतात, नाळ कापणाऱ्या हत्यारातून येतात, बाळाला हाताळणाऱ्या हातांवरून येतात. मोठ्या माणसाच्या शरीरात असे आक्रमण झाले तर शरीर उलट लढा देते: ताप येतो, थंडी वाजते, जखम लाल होऊन सुजते. आपण ज्याला आजाराची लक्षणे म्हणतो ती पुष्कळ अंशी या लढ्याचीच लक्षणे असतात. नवजात बाळाजवळ लढण्याची सामग्रीच अपुरी असते. जंतूंना ओळखणारी प्रतिद्रव्ये त्याला आईच्या रक्तातून वारेवाटे मिळतात, आणि त्यांचा मोठा वाटा गर्भारपणाच्या शेवटच्या काही आठवड्यांत पोहोचतो. म्हणून अपुऱ्या दिवसांचे मूल या बाबतीत अगदीच निष्कांचन असते. जंतूंचा संहार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा साठाही लवकर संपतो. त्यामुळे ज्या बाळाला भयंकर जंतुदोष झाला आहे त्याला ताप येईलच असे नाही. किंबहुना पुष्कळदा त्याचे अंग तापण्याऐवजी गार पडते.

येथेच सामान्य माणसाची फसगत होते. आजारी माणूस काहीतरी जास्त करतो अशी आपली समजूत असते: कण्हतो, खोकतो, तळमळतो, बडबडतो. आजारी अर्भक मात्र जे करत होते ते कमी करू लागते. कालपर्यंत आईला जोराने लुचणारे मूल आज दोन घोट घेऊन सोडून देते. रडणे क्षीण होते. हातपाय आखडून घेण्याची त्याची स्वाभाविक सवय जाते आणि ते सैल पडतात. घरातील वडीलधारी स्त्री कौतुकाने म्हणते की मूल मोठे गुणी आहे, मुळीच त्रास देत नाही. या 'गुणी' शब्दाने किती बालके घालवली असतील याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

दप्तरात सापडणार नाही याला आणखीही एक कारण आहे. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसे होते, तेव्हा मुलाला नाव मिळते. त्याआधीच जे गेले त्याला नाव नाही, आणि ज्याला नाव नाही त्याची नोंद करायला कोणी ग्रामपंचायतीत फारसे जात नाही. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लेख लिहून जाते, ही श्रद्धाही या संदर्भात विचार करण्याजोगी आहे. पाटा पुजून, दिवा लावून ती रात्र जागवणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना एक गोष्ट अनुभवाने पक्की ठाऊक होती: पहिला आठवडा हाच खरा धोक्याचा असतो. आजचे लोकसंख्याशास्त्र निराळ्या भाषेत हेच सांगते. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात जी बालके दगावतात त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात जातात. आज्यांना काळ बरोबर कळला होता. मात्र त्या काळात बाळाकडे पाहायचे कसे, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

आता गडचिरोलीकडे वळू. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने १९८६ मध्ये तेथे 'सर्च' ही संस्था स्थापली. त्यांचे निवासस्थान आणि रुग्णालय जेथे आहे त्या जागेचे नाव शोधग्राम. संस्थेने प्रथम हाती घेतलेल्या कामांपैकी एक बालकांच्या न्यूमोनियाचे होते. न्यूमोनिया ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांच्या आतील मूल शांत असताना मिनिटाला साठ अथवा अधिक श्वास घेत असेल तर ती गती धोक्याची समजतात. परंतु हे श्वास मोजणार कोण? गावातील सुईण अक्षरशत्रू. तिची मोजणी दहा-बाराच्या पुढे चालत नाही, आणि हातात घड्याळ नाही. यावर जी युक्ती काढण्यात आली ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एका लाकडी चौकटीत एक मिनिटाचे वाळूचे घटिकायंत्र बसवले आणि शेजारी तारेत मणी ओवले. वाळू सोडायची, बाळाचे पोट पाहत दहापर्यंत श्वास मोजायचे आणि एक मणी सरकवायचा. पुन्हा दहा मोजायचे, पुन्हा एक मणी. वाळू संपण्यापूर्वी शेवटच्या लाल मण्याची पाळी आली तर श्वास जलद चालला आहे. बालवाडीतील पाटीला शोभेल अशा या साधनाने अक्षरओळख नसलेल्या सुईणीच्या हाती निदानाची किल्ली दिली. सुईणीला शिकवण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा मोजण्याची रीतच तिला जमेल अशी करणे, यात विज्ञान आहे आणि शहाणपणही आहे. या प्रयत्नाचे फळ १९९० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले: गावातच औषध मिळू लागल्याने न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू लक्षणीय प्रमाणात घटले होते.

मोठ्या बालकांचे मृत्यू कमी होऊ लागले तसतसे नवजातांचे मृत्यू अधिक ठळकपणे डोळ्यांत भरू लागले. १९९३ पासून ३९ गावे प्रत्यक्ष कामासाठी आणि ४७ गावे तुलनेसाठी निवडण्यात आली. ३९ गावांची लोकसंख्याही योगायोगाने ३९ हजारांच्या घरात होती. प्रत्येक गावातून थोडे शिकलेली, पाचवी ते दहावीपर्यंत गेलेली, एक स्त्री निवडून तिला शिक्षण देण्यात आले. तिला आरोग्यदूत हे नाव मिळाले. १९९५-९६ हे पूर्ण वर्ष मुख्यतः पाहण्यात आणि टिपण्यात घालवले गेले. आरोग्यदूत बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसे, बाळाचे वजन करी, काखेत थर्मामीटर लावी, श्वास मोजी आणि छापील तक्त्यावर खुणा करी. ठरलेल्या दिवशी पुन्हा येई आणि पुन्हा तेच करी.

त्या वर्षात ७६३ बाळांची अशी पाहणी झाली आणि जे दिसले ते भल्याभल्यांना विचारात पाडणारे होते. शंभरातील चोपन्न बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. प्रत्यक्षात ती मिळाली शंभरातील अडीच-पावणेतीन बाळांना. ७६३ पैकी ४० बाळे महिन्याच्या आत गेली. त्यांच्या मृत्यूचे प्रधान कारण तपासले असता निम्म्याहून थोड्या अधिक मुलांच्या बाबतीत ते जंतुदोष अथवा न्यूमोनिया हे निघाले. जन्मताना गुदमरणे आणि अपुऱ्या दिवसांचे असणे ही कारणे त्यांच्या मागून येत होती. म्हणजे जी बालके 'जन्मतःच अशक्त होती' किंवा 'बाहेरची बाधा झाली' म्हणून पुरली जात होती, त्यांतील पुष्कळांना असा रोग झालेला होता की ज्यावर औषध उपलब्ध आहे आणि ते औषध महागही नाही.

मग प्रश्न पुन्हा तोच: ओळखायचे कसे? मोठ्या रुग्णालयात यासाठी रक्ताची तपासणी करतात. त्या तपासणीचे सामर्थ्य किती, हे पाहिले म्हणजे खेड्यातील अडचण इतकी लाजिरवाणी वाटत नाही. रक्तातील जंतू वाढवून पाहण्याच्या परीक्षेला एक ते तीन दिवस लागतात, आणि एवढ्याशा देहातून मिळणाऱ्या थेंबभर रक्तात जंतू सापडतीलच याची हमी नसते. जंतुदोष झाला असता रक्तात वाढणारी जी द्रव्ये मोजतात, ती रोग सुरू होऊन काही तास उलटल्यावरच पुरेशी वाढतात. बाळाला वाट पाहणे परवडत नाही. काही वेळा सकाळी प्यायला नकार देणारे मूल दुसऱ्या दिवसाची सकाळ पाहत नाही. म्हणून निष्णात बालरोगतज्ज्ञही अहवालाची वाट न पाहता, बाळाच्या रूपावरून संशय घेऊन उपचार सुरू करतात. संशय घेण्याची ही कला शब्दांत पकडता येईल काय, आणि पकडता आली तर ती पाचवी शिकलेल्या स्त्रीला देता येईल काय, एवढाच मुद्दा उरला होता.

गडचिरोलीच्या नोंदींतून अनेक लक्षणे चाळून, कोणती लक्षणे मृत्यूच्या आधी दिसतात आणि जगलेल्या मुलांत क्वचित दिसतात हे ताडून पाहण्यात आले. त्यातून सात खुणा निवडल्या गेल्या आणि २००५ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. बाळाचे पिणे कमी झाले किंवा थांबले; रडणे क्षीण झाले किंवा थांबले; हातपाय लुळे पडले; पोट फुगले किंवा उलट्या होऊ लागल्या; अंग गार लागते असे आई म्हणते; श्वास घेताना बरगड्यांखालची जागा खोल आत ओढली जाते; नाळेच्या जागी पू झाला आहे. यांपैकी कोणत्याही दोन खुणा एकाच वेळी दिसल्या तर जंतुदोष समजावा आणि त्वरित उपचार करावा, असा नियम ठरला.

या नियमातील 'दोन' हा आकडा सहज ठरलेला नाही. एकच खूण पुरेशी मानली तर गावातील कितीतरी धडधाकट मुले रोगी ठरतील, कारण पाजल्यावर थोडे दूध ओकून टाकणे हा बाळांचा नित्याचा व्यवहार आहे. उलट तीन-चार खुणांचा आग्रह धरला तर रोग पक्का होईल, पण तोवर मूल हातचे जाईल. जाळ्याची वीण फार बारीक नको आणि फार मोठीही नको. तरीसुद्धा या जाळ्यात काही निरोगी मुले सापडतातच. हे दोष म्हणून न पाहता किंमत म्हणून पाहिले पाहिजे. एका निरोगी बाळाला काही दिवस औषध दिले गेले तर जे नुकसान होते, आणि एका रोगी बाळाला दिले गेले नाही तर जे होते, ही दोन्ही एकाच तराजूत बसण्यासारखी नाहीत.

आणखी एका खुणेकडे लक्ष वेधणे उचित होईल. 'अंग गार लागते असे आई म्हणते' ही ती खूण. शास्त्राच्या यादीत थर्मामीटरच्या आकड्याऐवजी आईचे बोलणे पुरावा म्हणून दाखल झाले आहे. यात भाबडेपणा काही नाही. नोंदी तपासल्यावर ते बोलणे विश्वासार्ह ठरले म्हणून ते घेतले गेले. आणि थोडा विचार केला तर त्यात नवलही वाटू नये. या सातांपैकी पिणे, रडणे आणि हातपायांची हालचाल या खुणा तुलनेच्या आहेत. काल मूल कसे होते हे ठाऊक असल्याखेरीज आज ते कमी पीत आहे असे म्हणताच येत नाही. आणि कालचे मूल पाहिलेली व्यक्ती घरात एकच असते. डॉक्टर बाळाला प्रथमच पाहत असतो. त्याच्याजवळ ज्ञान असते, पण कालचा दिवस नसतो.

लोकांना यांतील काही खुणा पूर्वीपासून दिसत होत्या, हेही नमूद केले पाहिजे. बाळाचे पोट फुगणे आणि श्वासाबरोबर ते खालीवर होणे याला आपल्या खेड्यांत 'डबा' म्हणतात. मेळघाटात पोट फुगलेल्या बालकाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची अघोरी चाल आहे. ती ऐकून शहरातील माणसाच्या अंगावर काटा येतो आणि तो तिला अज्ञान म्हणून मोकळा होतो. परंतु चटके देणाऱ्याने खूण बरोबर ओळखलेली असते. मूल संकटात आहे हे त्याला कळलेले असते. चुकते ते पुढचे पाऊल. ज्या समाजाला खूण दिसते त्याला वाट दाखवणे, ज्याला खूणच दिसत नाही त्याला डोळे देण्यापेक्षा सोपे असायला हवे. उपदेशाची फटकारणी करून मात्र ते साधत नाही. जवळपास दुसरा कोणता उपाय हाताशी असेल तरच साधते.

गडचिरोलीत तो उपाय १९९६ पासून आरोग्यदूतांच्या पिशवीत आला. जंतुदोषाचा संशय येताच त्या प्रथम आईबापांना बाळाला रुग्णालयात नेण्याचा सल्ला देत. अनेक जण नेत नसत. वाट लांब, पैसा नाही, आणि ओल्या बाळंतिणीने घर सोडायचे नाही हा रिवाज. अशा वेळी त्यांच्या संमतीने आरोग्यदूत घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने घेण्याचे कोट्रायमोक्झॅझोल हे औषध देत असे. येथे आक्षेप साहजिकच निघतो. पाचवी-सातवी शिकलेल्या बाईने चार दिवसांच्या मुलाला सुई टोचावी? कायद्याच्या आणि शिष्टाचाराच्या दृष्टीने हा आक्षेप वजनदार आहे. कोणत्याही कचेरीत तो फाइलीवर लाल शाईने लिहिला जाईल. त्याला उत्तर एकच, आणि ते आकड्यांचे आहे. घरी उपचार नव्हता त्या काळात जंतुदोष झालेल्या १६३ बाळांपैकी २७ दगावली, म्हणजे शेकडा १६.६. आरोग्यदूतांनी उपचार केलेल्या ७१ पैकी २ दगावली, म्हणजे शेकडा २.८. ३९ गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू प्रारंभी ६२ होते. १९९७-९८ मध्ये ते २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत त्याच सुमारास ते ५९.६ होते. हा अहवाल १९९९ मध्ये लॅन्सेटने छापला.

या यशाचे माप काढताना एक गोष्ट विसरता कामा नये. गावांची निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, आणि आरोग्यदूत केवळ इंजेक्शन देत नव्हत्या. बाळाला उबदार ठेवणे, जन्मताच अंगावर पाजणे, गुदमरलेल्या मुलाला श्वास देणे, हात धुणे, हे सर्व त्याबरोबरच चालले होते. तेव्हा सर्व श्रेय एका औषधाला देणे न्यायाचे होणार नाही. तथापि बांगलादेशातील सिल्हेट जिल्ह्यात याच धर्तीचा जो प्रयोग झाला, त्यातही घरोघर भेटी आणि उपचार मिळालेल्या भागात नवजात मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी भारतासह सहा देशांतील दवाखान्यांत आणलेल्या हजारो अर्भकांच्या अभ्यासातून जवळपास अशाच सात खुणांची दुसरी यादी निघाली. तीत पिण्यास त्रास, झटके, हलवल्याशिवाय हालचाल न करणे, मिनिटाला साठ अथवा अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे, ताप आणि अंग थंड पडणे यांचा समावेश होता. दोन याद्या निरनिराळ्या वाटांनी निघाल्या. दोन्हींत पिण्याचा प्रश्न आहे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. रुग्णालयात नेणे शक्यच नसेल तेव्हा जवळच्या आरोग्य केंद्रातच उपचार करावा, या पद्धतीला जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मान्यता दिली.

भारत सरकारने २०११ मध्ये घरोघरच्या नवजात संगोपनाचा कार्यक्रम देशभर लागू केला आणि तो आशा कार्यकर्तींकडे सोपवला. बाळ रुग्णालयात जन्मले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाने घरी यावयाचे. घरी जन्मले असेल तर पहिल्या दिवशीही. सुई मात्र आशाच्या हाती देण्यात आली नाही. ठरावीक परिस्थितीत जेंटामायसिन देण्याची मुभा परिचारिकेला, म्हणजे एएनएमला, २०१४ मध्ये मिळाली. एवढ्या मोठ्या देशाला गडचिरोलीची काळजीपूर्वक देखरेख सर्वत्र ठेवता आली नसती, हे सरकारचे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण त्यामुळे ओळखणारा हात आणि उपचार करणारा हात यांच्यात पुन्हा काही किलोमीटरांचे अंतर पडले, हेही खरे.

मध्यंतरी परिस्थितीही पालटली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील शंभरातील अठ्ठ्याऐंशी प्रसूती आता रुग्णालयांत होतात. ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि जंतूंनीही आपला मुक्काम हलवला आहे. २०११ ते २०१४ या काळात दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत तेरा हजारांहून अधिक आजारी नवजातांचा अभ्यास झाला. त्यात आढळलेल्या जंतुदोषांपैकी सुमारे दोन तृतीयांश जन्मापासून बहात्तर तासांच्या आत झालेले होते, आणि अनेक जंतू असे होते की ज्यांच्यावर नेहमीची औषधे चालेनाशी झाली आहेत. गडचिरोलीच्या रानात १९९६ मध्ये जे जेंटामायसिन रामबाण ठरले, ते शहरी रुग्णालयातील जंतूंपुढे तसे ठरेलच असे नाही. औषधांचे सामर्थ्य जितके घटते तितके लवकर ओळखण्याचे महत्त्व वाढते. कारण उशिरा ओळखलेल्या रोगावर पूर्वी निदान जालीम औषध तरी होते.

दुसरे असे की, रुग्णालयात बाळंत झालेली स्त्री दोन-तीन दिवसांत घरी येते. पहिल्या आठवड्याचा उरलेला धोक्याचा काळ ती घरीच काढते. डॉक्टरांनी तपासून पाठवले आहे, आता काळजी नाही, अशी घरच्यांची समजूत झालेली असते. ही समजूत जुन्या अंधश्रद्धेइतकीच घातक ठरू शकते. सरगूरच्या परिसरातील वाडीत परतलेली आई असो की पुण्याच्या पेठेत माहेरी आलेली लेक असो, या चार-पाच दिवसांत बाळावर नजर तिचीच असते.

त्या नजरेसाठी अवजड साधन लागत नाही. हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला लावून पाहावी. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी बाधते आहे. त्याला आईच्या उघड्या छातीशी घेऊन वरून पांघरूण घालावे. पोट आणि पाय दोन्ही गार लागत असतील तर ती गंभीर बाब समजावी. श्वास मोजताना पूर्ण एक मिनिट मोजावा, कारण नवजात बाळ मधूनमधून क्षणभर श्वास थांबवते आणि पुन्हा भरभर घेते; अर्ध्या मिनिटाची दुप्पट करणाऱ्याची हमखास चूक होते. साठ भरले तर बाळ शांत असताना पुन्हा एकदा मोजावे. बाळ रडत असताना केलेली मोजणी उपयोगाची नाही. नाळेवर हळद, राख, तेल काही लावू नये. ती कोरडी राहू द्यावी.

आणि बाळ प्यायचे कमी झाले, तर संध्याकाळपर्यंत पाहू, उद्या सकाळी पाहू असे करू नये. आजारी नवजाताला रुग्णालयात नेण्याआणण्याची आणि तेथील उपचाराची सोय सरकारी रुग्णालयांत २०११ पासून विनामूल्य आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी नवजातांसाठी खास कक्ष आहेत. वाटेत बाळाला कापडात गुंडाळून दुसऱ्याच्या मांडीवर देण्यापेक्षा आईच्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असे ठेवावे, डोक्यावर टोपडे असावे, आणि ते गिळू शकत असेल तर पाजत राहावे. साखरेचे पाणी किंवा घुटी देऊ नये. निघण्यापूर्वी एक गोष्ट मात्र घरातील कोणीतरी कागदावर टिपून घ्यावी. घाईत ती हमखास विसरते, आणि डॉक्टर पहिल्याप्रथम तीच विचारतात: बाळ शेवटचे नीट प्यायले ते केव्हा.